वाचकांचे प्रश्न : प्रतिद्रव्याचे वस्तुमान आणि त्याची चाल

प्रश्न : प्रतिकणाचा (नेहमीच्या कणाच्या प्रतिद्रव्यातल्या जोडीदाराचा) विद्युतभार उलटा असतो, तसे त्याचे वस्तुमानही ऋण असते का? नसेल, तर ते नेहमीच्या कणाइतकेच असते हे मोजले कसे?

उत्तर : वस्तुमान ऋण नसते. याचा सरळ पुरावा कण नष्ट होतानाच मिळतो. मंदावलेला पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण, इलेक्ट्रॉनला भेटला की बहुतेक वेळा ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे दोन गॅमा किरण एकमेकांच्या विरुद्ध दिशांना निघतात. पेट स्कॅन चालतो तो याच जोडीवर. दोघांपैकी एकाचे वस्तुमान ऋण असते तर बेरीज शून्य झाली असती आणि बाहेर काहीच पडले नसते.

मोजमाप चालीवरून होते. चुंबकीय क्षेत्रात कणाची वाट वाकते. संवेग सारखा असेल तर प्रतिकणाच्या वाटेची त्रिज्या तीच राहते, फक्त बाक उलट्या बाजूला येतो. यात मेख अशी, की वर जाणारा धन कण आणि खाली येणारा ऋण कण यांच्या वाटा फोटोत सारख्याच दिसतात. म्हणून १९३२ साली भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांनी मेघकक्षात (कणाची वाट धुक्याच्या रेषेसारखी दाखवणाऱ्या पेटीत) ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. पत्र्यातून जाताना ऊर्जा घटते, पुढची वाट जास्त वाकते, आणि कण कुठून कुठे गेला ते नक्की कळते. पॉझिट्रॉन सापडला तो असा.

आज हेच काम सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतला ‘बेस’ प्रयोग करतो. सुमारे १.९ टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) क्षेत्रात अडकवलेला एकच प्रतिप्रोटॉन सेकंदाला जवळजवळ तीन कोटी फेऱ्या मारतो. त्या वारंवारतेवरून भार आणि वस्तुमान यांचे गुणोत्तर निघते. तुलनेसाठी प्रोटॉन घ्यायचा तर सापळ्याचे व्होल्टेज उलटे करावे लागते. तसे केले की कणाची जागा किंचित सरकते, तिथले चुंबकीय क्षेत्र किंचित वेगळे असते, आणि सगळी अचूकता वाया जाते. म्हणून प्रोटॉनऐवजी ऋण हायड्रोजन आयन, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन बाळगणारा प्रोटॉन, वापरतात. व्होल्टेज जसेच्या तसे राहते, जादा वस्तुमानाची दुरुस्ती (गुणक सुमारे १.००१०८९) नंतर गणितात करतात. २०२२ साली जाहीर झालेल्या निकालात दोन्ही गुणोत्तरे एक लाख कोटीत १६ भाग इतक्या अनिश्चिततेच्या आत जुळली.

प्रश्न : प्रतिद्रव्य खाली पडते की वर जाते?

उत्तर : खाली पडते. पण वरचा ‘बेस’ प्रयोग हे सांगत नाही. तिथे मोजले जाते ते जडत्व, वजन नव्हे.

सुटा प्रतिप्रोटॉन सोडून बघणे व्यवहारात जमत नाही. त्याचे वजन तोलायला मीटरला एका व्होल्टचा एक कोटीवा भाग एवढे विद्युत क्षेत्र पुरते. बारा सेंटिमीटरवर एखादा भटका इलेक्ट्रॉन असला, तरी त्याचा जोर गुरुत्वाच्या तोडीचा होतो! नळीच्या भिंतींवरचे भार त्याच्या कितीतरी पट गोंधळ घालतात. म्हणून विद्युतभार नसलेला प्रतिहायड्रोजनचा अणू (एक प्रतिप्रोटॉन आणि एक पॉझिट्रॉन) घ्यावा लागतो.

सर्नच्याच ‘अल्फा-जी’ प्रयोगात हे अणू उभ्या चुंबकीय सापळ्यात धरतात. वर आणि खाली एकेक कुंडल (तारेचे वेटोळे) असते, दोहोंत सुमारे २५.६ सेंटिमीटर अंतर. एका वेळी शंभरेक अणू. दोन्ही कुंडलांतला प्रवाह २० सेकंदांत हळूहळू उतरवतात. अणू निसटून भिंतीवर नष्ट होतो, आणि शोधक यंत्र ती जागा टिपते. गुरुत्व नेहमीसारखे असेल तर सुमारे ८० टक्के अणू खालून निघावेत. उलटतपासणीही करतात : खालच्या कुंडलाचे क्षेत्र वरच्यापेक्षा ०.०००४५ टेस्लाने वाढवले, तर ती चुंबकीय ढकल वजनाला तोलते आणि वाटणी निम्मी-निम्मी व्हायला हवी. एवढासा फरक सांभाळायचा म्हणजे कुंडलांची क्षेत्रे पुन्हा पुन्हा मोजत राहणे आले. खरी मेहनत तिथे आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल आला : त्वरण ०.७५ जी, अनिश्चितता ०.२ जीच्या आसपास (१ जी म्हणजे पृथ्वीवर पडणाऱ्या वस्तूचे नेहमीचे त्वरण).

प्रश्न : ०.७५ म्हणजे प्रतिद्रव्य सावकाश पडते का?

उत्तर : असा अर्थ काढू नये. ०.७५ आणि १ यांतले अंतर अनिश्चिततेच्या सव्वापट आहे. एवढ्यावरून वेगळेपण ठरत नाही. उणे १, म्हणजे वर पडण्याची शक्यता, मात्र या आकड्याने निकालात निघाली. ती तशीही फारशी कुणाला पटत नव्हती. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाचा वाटा जेमतेम एक टक्का. बाकीची सगळी ऊर्जा, आणि ती प्रतिप्रोटॉनातही तशीच असते.

अचूकता वाढायला अडचण उष्णतेची आहे. सापळा ०.५ केल्विनपर्यंतचे अणू धरतो, म्हणजे काहींचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात. त्यापुढे २५ सेंटिमीटर पडण्याने ऊर्जेत येणारा फरक, तापमानाच्या भाषेत, ०.०००३ केल्विनएवढाच. प्रतिहायड्रोजनला लेसरने थंड करणे २०२१ मध्ये जमले आहे. ते तंत्र या उभ्या सापळ्यात वापरले, तर वर-खाली जाणाऱ्या अणूंच्या संख्येतला फरक जास्त ठळक होईल.