तुम्ही विचारा : मूसा सद्र, मौलाना का पुढारी?

मागच्या अंकात लेबनॉनच्या भानगडीवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यात मूसा सद्र हे नाव नुसतं येऊन गेलं. पत्रं आली ती सगळी त्याच नावावर. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवले, बोंडअळीवाल्या वाचकांनी रागावू नये, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : भाऊ, टीव्हीवर बैरुत दाखवते तवा भिंतीवर एका काळ्या पगडीवाल्या मानसाचा फोटो राह्यतेच. तो मूसा सद्र म्हंजे मौलाना होता का पुढारी होता, आन् त्याचं आमाले काहून सांगून राह्यले? (एक कास्तकार, ता. दारव्हा)

दोन्ही होते भाऊ, आणि तुमच्याशी त्यांचा संबंध आहे तो तंबाखूतून.

दक्षिण लेबनॉन म्हणजे डोंगराळ कोरडवाहू भाग, तिथलं नगदी पीक तंबाखू. आणि तंबाखू घेणारा एकच, सरकारी मक्तेदारीवाली कंपनी, तिला तिकडे रेजी म्हणतात, फ्रेंचांच्या राज्यात 1935 साली सुरू झालेली. कोणी किती पेरायचं त्याचं लायसन्स तीच देणार, प्रत तीच ठरवणार, भावही तीच सांगणार. आपल्याकडे 1972 पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, संकलन केंद्रावर बंड्यांची लाइन, ग्रेडरनी कापूस हातात घेऊन तोंड वाकडं करणं आणि मग चुकाऱ्याची वाट बघत बसणं हे ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे ती योजना निदान कास्तकाराला भाव मिळावा असं म्हणून आली, तिकडे तसं म्हणायचीही कोणी तसदी घेतली नाही. वरून जमीन बरीचशी मोजक्या घराण्यांकडे, आणि त्याच घराण्यातले लोक पार्लमेंटात शियांच्या, म्हणजे दक्षिणेतल्या बहुतेक मुसलमानांचा जो पंथ त्याच्या, नावानं बसायचे. रस्ते नाही, शाळा नाही, दवाखाना नाही, पोरं बैरुतच्या झोपडपट्टीत जाऊन हमाली करायची.

अशा जागी हा माणूस 1959 च्या शेवटी आला. जन्म इराणातल्या कोम शहरातला, 1928 चा, पण घराणं मूळचं दक्षिण लेबनॉनचंच, वडील मोठे आयतुल्ला, म्हणजे शियांचे वरच्या दर्जाचे धर्मगुरू. कोममध्ये धार्मिक शिक्षण, सोबत तेहरान विद्यापीठात कायद्याचं शिक्षण, हे त्या काळी पगडीवाल्या पोरानं करणं म्हणजे जरा वेगळंच होतं, मग इराकात नजफला मोहसिन अल-हकीम आणि अबुल कासिम खुई यांच्यासारख्या मोठ्या उस्तादांकडे. तिकडे सूर नावाच्या बंदराच्या गावात, इंग्रजीत ज्याला टायर म्हणतात, जुने मोठे आलिम, म्हणजे धर्मपंडित, शरफुद्दीन 1957 ला वारले होते, त्यांच्या जागी ह्यांना बोलावलं. तरुण वय, सहा फुटांहून बराच उंच माणूस, हिरवे डोळे, आणि अरबी बोलताना फारसी हेल. लोक आधी बघायलाच यायचे म्हणतात.

आल्या आल्या त्यांनी तकरीर, म्हणजे धार्मिक भाषणं, कमी केली आणि कामं जास्त काढली. शरफुद्दीन यांची एक जुनी धर्मादाय संस्था होती ती पुन्हा उभी केली, गावातली भीक बंद करायची म्हणून घराघरातून थोडे थोडे पैसे जमा करून गरजूंना महिन्याची मदत सुरू केली, बायकांसाठी शिवणकामाचे आणि अक्षरओळखीचे वर्ग काढले. गावाबाहेर बुर्ज अल-शिमाली इथे पोरांसाठी आयटीआयसारखी शाळा काढली, तिचा कारभार नंतर मुस्तफा चमरान नावाचा अमेरिकेत डॉक्टरेट केलेला इराणी इंजिनीयर सांभाळायचा, तोच पुढे इराणचा संरक्षणमंत्री झाला, ती वेगळी स्टोरी.

आता आइस्क्रीमचा किस्सा, मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा हा जास्त आवडतो. सूर गावात एक ख्रिश्चन आइस्क्रीमवाला होता. त्याच्या धंद्यावर जळणाऱ्या एका मुसलमान दुकानदारानं आवई उठवली की ख्रिश्चनाच्या हातचं खाणं बरोबर नाही, आणि गिऱ्हाईक तुटलं. तो बिचारा सद्र यांच्याकडे आला. ह्यांनी फतवा नाही काढला, बैठक नाही लावली. जुम्म्याची नमाज झाल्यावर सोबतच्या लोकांना घेऊन सरळ त्याच्या दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर बसून आइस्क्रीम खाल्लं. झालं, विषय संपला! पुढे 1975 च्या फेब्रुवारीत तर बैरुतच्या एका चर्चमध्ये ख्रिश्चनांच्या उपवासाच्या दिवसात त्यांनी प्रवचन दिलं, क्रूसाखाली उभं राहून, म्हणजे आजही कोणी करायची हिंमत करणार नाही असं काम.

मौलाना का पुढारी ह्याचं उत्तर लेबनॉनच्या घडणीत आहे. तिथे 1943 पासून ठरलेलंय की राष्ट्रपती मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी आणि पार्लमेंटचा स्पीकर शिया, आणि ही वाटणी 1932 च्या जनगणनेवर, त्यानंतर जनगणना घेतलीच नाही कारण आकडे बदलले तर खुर्च्याही बदलाव्या लागतील. जिथे सरकारी नोकरीसुद्धा पंथाच्या कोट्यातून मिळते तिथे पंथाचा धर्मगुरू आपोआप पुढारी होतो. सद्र यांनी ते ओळखलं. शियांची स्वतःची अधिकृत कौन्सिल पाहिजे म्हणून मागे लागले, 1967 ला पार्लमेंटनं कायदा केला आणि 1969 ला ते तिचे पहिले अध्यक्ष. पद धार्मिक, पण मागण्या बघा: लिटानी नदीचं पाणी दक्षिणेच्या शेताला द्या, शाळा-दवाखाने द्या, तंबाखूचा भाव वाढवा, नोकऱ्यांत वाटा द्या. आपल्याकडे ज्याला अनुशेष म्हणतो ना, तोच. 1970 मध्ये दक्षिणेसाठी अख्ख्या देशात हरताळ करवला तेव्हा सरकारनं घाईघाईनं दक्षिणेसाठी वेगळं मंडळ आणि वेगळा निधी दिला. मग त्या निधीला पाय फुटले. आपली वैधानिक मंडळं आठवली असतील तर तो दोष माझा नाही.

प्रश्न : काही मौलानांची पगडी काळी, काहींची पांढरी, हे काय आहे? आणि शियांचे इमाम तर बारा ना, मग ह्यांना इमाम का म्हणतात? (एक ताई, ता. मेहकर)

ताई, काळी पगडी म्हणजे सय्यद, पैगंबरांच्या वंशातले. बाकी आलिमांची पांढरी. शिक्षण कमी-जास्त असण्याशी रंगाचा संबंध नाही.

बारा इमाम तेच, त्यात कोणी तेरावा झालेला नाही. लेबनॉनच्या लोकांनी सद्र यांना मानानं इमाम म्हणायला सुरुवात केली आणि ते चिकटलं. आपल्या गावात मोहरमला सवाऱ्या उठतात, त्यात अर्धे हात हिंदूंचे असतात, तर तुम्हाला करबलाची गोष्ट माहितीच असेल, इमाम हुसैन 680 साली यजीदच्या फौजेपुढे मान न झुकवता मारले गेले. सद्र म्हणायचे की हुसैनसाठी नुसतं रडून भागत नाही, ते अन्यायासमोर उभे राहिले ते आधी बघा. म्हणूनच 17 मार्च 1974 ला बालबेकला त्यांची जी प्रचंड सभा झाली ती हुसैनच्या चाळिसाव्याच्या निमित्तानं, आणि भाषण मात्र सगळं सरकारनं कुठली शाळा दिली नाही अन् कुठला रस्ता दिला नाही ह्यावर. तिथून वंचितांची चळवळ सुरू झाली, नावात शिया शब्द नव्हता, आणि मदतीला ग्रेगवार हद्दाद हे ग्रीक कॅथलिक बिशप होते.

प्रश्न : एवढे सर्वधर्मसमभावी होते तर बंदुका कशाला? हिज्बुल्ला त्यांचीच ना? (निवृत्त गुरुजी, ता. आर्वी)

गुरुजी, बरोबर जागी बोट ठेवलं. भक्त लोक हे पान लवकर उलटतात.

यादवी युद्ध एप्रिल 1975 ला पेटलं. जूनमध्ये सद्र बैरुतच्या एका मशिदीत उपोषणाला बसले, मारामारी थांबवा म्हणून, आणि उपोषण संपल्या संपल्या बेका खोऱ्यात अल-का नावाच्या ख्रिश्चन गावाला हत्यारबंद लोकांनी घेरलं होतं तिकडे गेले तो वेढा उठवायला. इथपर्यंत वाचलं की छाती भरून येते. पण त्याच आठवड्यात, जुलैच्या सुरुवातीला, बालबेकजवळ एका छावणीत स्फोट झाला आणि दोन डझनांहून जास्त पोरं गेली, पोरं शस्त्राचं ट्रेनिंग घेत होती, आणि सद्र यांना 6 जुलैला पत्रकारांपुढे येऊन कबूल करावं लागलं की हो, अमल नावाची सशस्त्र संघटना आहे आणि ती आमचीच आहे. समर्थक म्हणतात दक्षिण सीमेवर इस्रायलचे हल्ले चालू होते, लेबनॉनचं सैन्य तिथे काही करत नव्हतं, गावं कोणी राखायची? मुद्दा खोटा नाही. तरी माझं मत असं आहे की उपोषण आणि छावणी एकाच वेळी चालवणाऱ्याला पुढे छावणीच ओळखते, उपोषण नाही. ते 1978 ला गायब झाल्यावर अमलनं ऐंशीच्या दशकात पॅलेस्टिनी निर्वासितांच्या कॅम्पांना वेढे घातले, त्यात सामान्य माणसांचे जे हाल झाले ते काही मूसा सद्र यांनी सांगितलं नव्हतं, पण संघटना त्यांनी उभी केलेली होती.

हिज्बुल्ला मात्र त्यांची नाही. ती 1982 ला इस्रायल बैरुतपर्यंत घुसल्यावर इराणच्या मदतीनं तयार झाली, जाहीरनामा 1985 चा. अमलमधून फुटलेली माणसं तिच्यात होती, पुढे तिचा प्रमुख झालेला हसन नसरल्ला सुद्धा आधी अमलमध्येच, आणि 1988 पासून काही वर्षं तर दोघं आपसात लढले.

प्रश्न : सर, ते लिबियात गायब झाले असं वाचलं. नक्की काय झालं? (बीए द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, मूर्तिजापूर)

मार्च 1978 ला इस्रायलनं दक्षिण लेबनॉनवर मोठा हल्ला केला, लाखो लोक घर सोडून निघाले. सद्र अरब राजधान्यांचे उंबरठे झिजवत होते की बाबांनो, तुमच्या भांडणात आमची गावं जळतायत. त्याच फेरीत 25 ऑगस्टला लिबियाला गेले, गद्दाफीच्या सरकारच्या बोलावण्यावर, सोबत शेख मोहम्मद याकूब आणि पत्रकार अब्बास बद्रुद्दीन. 31 ऑगस्टला तिघं त्रिपोलीच्या हॉटेलातून निघाले आणि त्यानंतर कोणालाच दिसले नाहीत.

लिबिया म्हणे ते तर विमानानं रोमला गेले. आणि खरंच त्यांचं सामान आणि पासपोर्ट रोमच्या एका हॉटेलात सापडले! पण इटलीच्या तपासात निघालं की हे तिघं इटलीत उतरलेच नाहीत, त्यांच्या कागदांवर दुसरेच कोणी आले होते. लेबनॉननं 2008 ला गद्दाफीवर ह्याच प्रकरणात आरोपपत्र ठेवलं, 2011 ला गद्दाफी मारला गेला, तुरुंग उघडले, तरी काही हाती लागलं नाही. मग 2015 च्या डिसेंबरात गद्दाफीचा मुलगा हनिबल लेबनॉनमध्ये पकडला गेला आणि माहिती लपवली म्हणून खटल्याविना वर्षानुवर्षं डांबून ठेवला, 2025 मध्ये जामिनावर सुटला. घटनेच्या वेळी तो तीन वर्षांचाही नव्हता. वंचितांना न्याय मागणाऱ्या माणसाच्या नावावर हे केलं, मला तरी पटलेलं नाही.

आज अमलचे प्रमुख नबीह बेरी, 1980 पासून, आणि 1992 पासून पार्लमेंटचे स्पीकरही तेच, म्हणजे ज्या ठरावीक खुर्च्यांविरुद्ध चळवळ निघाली त्यातली एक खुर्ची तीस वर्षांवर एकाच माणसाकडे. सूरची शाळा आणि बायकांची कामं मात्र बहीण रबाब सद्र यांनी पुढे नेली, त्यातून मोठी संस्था उभी राहिली. आणि दरवर्षी 31 ऑगस्टला अमलची सभा होते, स्टेजवर तोच फोटो लावून.