ग्रीरला पहिल्यांदा जाताय? आधी खिशातलं कार्ड बघा

तुमची पोस्ट वाचली आणि २०१८ ची मीच आठवले. चाकणवरून साउथ कॅरोलिनातलं ग्रीर, तीन आठवडे, लाइन ट्रायल म्हणजे प्रॉडक्शन लाइनची चाचणी, पहिलीच अमेरिका, शाकाहारी, आणि प्रश्न असा की गाडीशिवाय भागेल का. व्हिसा, इन्शुरन्स, प्लगचं तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. कपड्यांचंही विचारलंय, तर ऑगस्टमध्ये तिकडे कोकणासारखा घाम येतो, फक्त ऑफिसातला एसी कडक असतो, एक स्वेटर पुरे.

गाडीशिवाय नाही भागत. ग्रीरजवळ बीएमडब्ल्यूचा प्लांट १९९४ पासून आहे, त्यामुळे आय-८५ हायवेच्या दोन्ही अंगांना सप्लायर पसरलेत, आम्ही गेलो तोही त्यातलाच एक. हॉटेल नकाशावर "प्लांटपासून तीन मैल" दिसतं खरं, पण त्या तीन मैलांत फूटपाथ नाही, नुसतं गवत आणि शेजारून सुसाट जाणारे ट्रक. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री ॲपवर टॅक्सी दिसायचीच नाही.

आता मूळ मुद्दा. आमच्या तेव्हाच्या कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने तिकीट शेजारच्या नॉर्थ कॅरोलिनातल्या शार्लट शहराचं काढलं कारण ते स्वस्त होतं, "तिथून रेंटल कार घ्या मॅडम, दीड तास ड्राइव्ह", आणि खर्चासाठी फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच डॉलर भरून ठेवलेलं कार्ड, दिलं. मी दोनदा विचारलं होतं की हे कार्ड रेंटलला चालतं ना, "सगळे हेच वापरतात" असं उत्तर मिळालं, आणि मी ते लेखी घेतलं नाही. ही माझी चूक, आणि सगळ्यात महागात पडलेली.

काउंटरवरच्या मुलीने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि त्यावरच्या प्रीपेड या शब्दावर नख ठेवून म्हणाली की आमच्याकडे यावर डिपॉझिट ब्लॉक करता येत नाही, गाडी चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागेल. माझ्याकडे होतं एक डेबिट कार्ड, तेही इंटरनॅशनल चालू न केलेलं. सव्वीस तासांचा प्रवास झालेला, दुपारचे चार, म्हणजे पुण्यात रात्रीचा दीड, डेस्कचा इमर्जन्सी नंबर नुसता वाजत होता. ट्रेन आहे म्हणे तिथून ग्रीरजवळच्या स्पार्टनबर्गला, पण ती मध्यरात्रीनंतर. शेवटी टॅक्सी केली, टिप धरून १९० डॉलर. वाटेत गॅफनीला पीचच्या आकाराची भलीमोठी पाण्याची टाकी लागते, लोक थांबून फोटो काढतात, मी मात्र कार्डावर आता किती उरले याचा हिशोब करत होते.

पुढे हॉटेलवाल्यांनी त्याच कार्डावर राहण्याचे पैसे आणि वर डिपॉझिट ब्लॉक केलं, म्हणजे जेवायला हातात जेमतेम उरलं. परत आल्यावर टॅक्सीचं बिल नामंजूर, कारण "प्री-अप्रूव्हल नाही". चार महिने मेल चालले. त्या डेस्कवरच्या एकालाही असं वाटलं नाही की आपण दिलेल्या माहितीमुळे एक बाई अनोळखी देशात अडकली. आज लिहितानाही राग येतो.

म्हणून, माझ्या मते तरी, स्वतःच्या नावाचं, बऱ्यापैकी लिमिटचं क्रेडिट कार्ड असल्याशिवाय विमानात बसू नका. नवीन कार्डांवर इंटरनॅशनल बंदच असतं, ॲपमधून चालू करून घ्या. आरटीओतून आयडीपी, म्हणजे परदेशात गाडी चालवायचं परमिट, काढा. डेबिट कार्डाचे नियम प्रत्येक रेंटलवाल्याचे वेगळे, त्यामुळे तुमच्या बुकिंगवरचे वाचा, माझा अनुभव जुना आहे. पेट्रोल पंपावर मशीन झिप कोड, म्हणजे तिकडचा पिनकोड, मागतं, आपलं कार्ड तिथे अडतं, आत जाऊन पंप नंबर सांगून आधी पैसे भरायचे.

माणसांची काळजी मात्र करू नका. माझी अडचण कळल्यावर क्वालिटी डिपार्टमेंटमधल्या एक साठीच्या बाई पहिला आठवडाभर रोज पहाटे पावणेसहाला पिकअप ट्रक घेऊन हॉटेलखाली उभ्या असायच्या, पेट्रोलचे पैसे काढले की हात मागे सारायच्या. त्यांना सगळे मिस आणि पुढे पहिलं नाव अशी हाक मारायचे, आपण ताई लावतो ना, तसंच, तुम्हीही तेच करा. वरिष्ठांना येस सर, येस मॅम. एकदा समोरून अंत्ययात्रा आली, दिवे लावलेल्या गाड्यांची रांग, आणि आमच्या बाजूची सगळी वाहतूक कडेला थांबली. बाईंनी रेडिओ बंद केला, शेवटची गाडी जाईपर्यंत स्टिअरिंगवरचे हात हलवले नाहीत. गेलेलं माणूस त्यांच्या ओळखीचं नव्हतं. मला तेव्हा गावाकडची आठवण आली, मयत जाताना दुकानदार अर्धं शटर ओढतो ती.

आता जेवण. प्लांटजवळ एक मांसाचा पदार्थ आणि तीन भाज्या अशी थाळी देणारी हॉटेलं असतात, नुसत्या भाज्यांचीही प्लेट मिळते. मी खूश होऊन घेतली. घेवड्यासारख्या हिरव्या शेंगा, इतक्या शिजवलेल्या की मऊ पडलेल्या, दुसऱ्या घासाला दाताखाली गुलाबी तुकडा आला. विचारलं तर वाढणाऱ्या बाई अगदी मनापासून म्हणाल्या, यात मांस नाही, चवीपुरतं बेकन आहे. त्या खोटं बोलत नव्हत्या, तिकडे ते मसाल्यात धरतात. म्हणून "मांस आहे का" असं विचारूच नका, "शिजवताना पोर्क किंवा बेकन घातलंय का" असं विचारा. तिकडचं बिस्किट म्हणजे मऊ पाव, त्यावरच्या पांढऱ्या ग्रेव्हीत बहुतेक सॉसेज असतं. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची पेज, लोणी-मीठ घालून छान लागते, माझा नाश्ता तोच. चहा मागितला की बर्फ घातलेला गोडमिट्ट येतो, गरम हवा तर हॉट टी म्हणा. दोन डाळींची पाकिटं आणि छोटा कुकर न्या, रूममध्ये चालतो का ते हॉटेलला आधी विचारून.

तिकीट कुठलं काढलंय ते आधी इथे सांगा. शार्लट असेल तर आजच्या आज डेस्कला मेल टाका, ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग एअरपोर्ट अगदी ग्रीरला लागून आहे, तिथलं मागा. नाही म्हणाले तर नकार मेलवरच घ्या, टॅक्सीचं अप्रूव्हल त्याच मेलमध्ये मागून ठेवा, आणि त्याची प्रिंट पासपोर्टबरोबर ठेवा.