गळूही न फोडलेला सर्जन

प्रिय डॉक्टर,

(इंटर्नशिप संपली ना? मग या हाकेची सवय करून घे.)

तुझी मेल वाचली. आर्मी मेडिकल कोअरमध्ये जायचं पक्कं केलंस, पण "सर, मला अजून काहीच नीट येत नाही, तिकडे हाताशी सीनियर नसले तर?" इथे तुझं घोडं अडलंय. धीर द्यायचं काम तुझे आईबाबा माझ्यापेक्षा बरं करतील. मी तुला सायमन बारूख या अमेरिकन डॉक्टरबद्दल सांगतो. तो काही साधुसंत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो.

जन्म 1840 चा, प्रशियाच्या पोझेन प्रांतातल्या एका ज्यू घरातला. पंधराव्या वर्षी तो अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या कॅम्डेन गावी आला, आपल्या मूळ गावच्या एका माणसाच्या दुकानात हिशेब लिहू लागला. तिथल्या डॉक्टरांनी हाताखाली घेतलं, शिकायला लावलं. 1862 मध्ये रिचमंडच्या मेडिकल कॉलेजातून पदवी मिळाली तेव्हा अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेतल्या राज्यांचं यादवी युद्ध चालू होतं. लगेच दक्षिणेच्या फौजेत असिस्टंट सर्जन म्हणून नेमणूक! आपण तोवर साधं गळूसुद्धा फोडलं नव्हतं, असं तो स्वतःच पुढे सांगायचा.

त्याच ऑगस्टमध्ये मनॅससच्या दुसऱ्या लढाईत त्याने पहिल्यांदा माणसाचा अवयव कापला. पोरसवदा चेहरा बघून एका सीनियरने खोचकपणे विचारलं, तुम्हाला करायचंय का ऑपरेशन? याने केलं, आणि त्याच सीनियरने शाबासकी दिली. ही आठवण त्याच्या मुलाने, म्हणजे वॉल स्ट्रीटवर गडगंज झालेल्या बर्नार्ड बारूखने, लिहून ठेवली आहे. लेकाने सांगितलेली बापाची गोष्ट, तेव्हा थोडं तूप जास्त पडलं असेल. पण तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. पूर्ण तयार होऊन कोणीच जात नाही. जाण्याआधी रक्तस्राव थांबवणं, श्वासमार्ग मोकळा ठेवणं आणि आधी कोणाला घ्यायचं हे ठरवणं, एवढ्यावर हात बसव. बाकीचं तिथे शिकशील.

त्याची खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. जुलै 1863, गेटिसबर्गची लढाई. फेअरफिल्ड रस्त्यावरच्या ब्लॅक हॉर्स टॅव्हर्न या खानावळीत जखमींचं इस्पितळ मांडलं होतं. क्लोरोफॉर्म होता, पण जंतूंची कल्पना कोणालाच नव्हती. जखमा जंतुमुक्त ठेवायला शिकवणाऱ्या लिस्टर या सर्जनचे लेख यायला अजून चार वर्षं होती. एकाच्या जखमेतलं बोट न धुता दुसऱ्याच्या जखमेत जायचं. त्या काळचे सर्जन ज्या हाताने जीव वाचवत, त्याच हाताने पू पेरत, आणि त्यांना त्याचा पत्ताही नसे. 4 जुलैला भर पावसात दक्षिणेचा सेनापती ली याची फौज त्याच रस्त्याने मागे सरकली. हलवता येणार नाहीत असे दोनशेहून जास्त जखमी मागे राहिले आणि त्यांच्यासोबत थांबायचा हुकूम बारूख धरून तीन डॉक्टरांना मिळाला. म्हणजे शत्रूच्या हाती लागणं ठरलेलंच. बर्नार्ड सांगतो, या तिघांनी अंगणात एक मोर भाजून कित्येक दिवसांनी पोटभर खाल्लं, आणि हाडं चोखून होताहेत तोच समोर उत्तरेचं घोडदळ दिसलं.

शत्रूच्या देखरेखीखाली ते त्याच जखमींवर उपचार करत राहिले. नंतर बारूखची रवानगी बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीत, म्हणजे उत्तरेच्या कैदेत, झाली. एरवी पकडलेल्या डॉक्टरांना दोन्ही बाजू सोडून देत. या खेपेला मात्र उत्तरेचा एक डॉक्टर दक्षिणेने अडकवून ठेवला होता, त्याच्या बदल्यात हे आत. या रिकाम्या वेळात बारूखने काय करावं? छातीत खोलवर गेलेल्या संगिनीच्या दोन जखमांवर निबंध लिहायला घेतला. 1864 मध्ये तो छापूनही आला. मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक इथे वाटतं. शौर्याला निदान साक्षीदार असतात.

आता दुसरी बाजू. तो ज्या फौजेत होता ती गुलामगिरी टिकवायला लढत होती. युद्धानंतर तो कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या हिंसक गुप्त संघटनेतही होता. लहानपणी आपल्याला घरातल्या ट्रंकेत वडिलांचा क्लॅनचा झगा सापडला, हे बर्नार्डनेच लिहिलंय. स्वतः ज्यू, परदेशातून आलेला, आणि तरी हे. याची सारवासारव मी करणार नाही, तूही करू नकोस. हात कसबी झाला म्हणजे विवेक आपोआप जागा होतो, असं मुळीच नाही. युनिफॉर्म आणि स्टेथोस्कोप दोन्ही असलेल्या माणसाला लोक फार लवकर देव करून टाकतात. तुलाही करतील. तेव्हा सावध राहा.

1881 मध्ये तो न्यूयॉर्कला गेला. 1887 च्या डिसेंबरात एका मुलाचं अपेंडिक्स फुटल्याचं निदान करून त्याने ऑपरेशनचा आग्रह धरला. अशा पोटाला हात लावायला तेव्हा भलेभले कचरत. हेन्री सँड्स या सर्जनने ते केलं, मुलगा वाचला. पुढे बारूख हात धुऊन पाठी लागला तो सार्वजनिक स्नानगृहांच्या. शहराच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीतल्या चाळींमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं कोंबलेली, न्हाणीघराचा पत्ता नाही. टब नकोत, शॉवर हवेत, असं त्याचं म्हणणं. पाणी कमी लागतं, माणसं भराभर आटोपतात, एकाचा मळ दुसऱ्याला लागत नाही. 1901 मध्ये रिव्हिंग्टन स्ट्रीटवर शहराचं स्नानगृह उघडलं, नंतर त्याला त्याचंच नाव दिलं गेलं. डॉक्टरकीपेक्षा या न्हाणीघरांमुळे आपल्या हातून जास्त जीव वाचले, असं तो म्हणे. लष्करात तुझ्या वाट्याला पाण्याची टाकी, संडास, लंगर (जवानांचं स्वयंपाकघर) तपासायची ड्यूटी पुष्कळ येईल. सर्जरीची आवड असलेली मुलं ती कंटाळून उरकतात. तू ती ड्यूटी मागून घे.

आणि केसेस लिहून ठेवायला आत्तापासून लाग. पेशंटचं नाव नको. वय, जखम, काय केलं, किती वाजता केलं, पुढे काय झालं, एवढं पुरे. पहिल्या पोस्टिंगमधल्या दोन-तीन मला पाठव. अक्षर वाचता येईल असं काढ, म्हणजे झालं.

तुझा,
सर