घरच्या वायफायवर एकच संकेतस्थळ उघडत नाही, मोबाइल डेटावर मात्र उघडते. राउटर बदलावा का?

बदलू नका. हाच सल्ला ऐकून मी २,८०० रुपये घालवले आहेत, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही.

विजेचे फॉल्ट शोधण्यात माझी ३१ वर्षे गेली. एका घरात अंधार झाला म्हणून कोणी गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उतरवत नाही. खांबावर सप्लाय आहे का, मीटरपर्यंत आला का, मेन स्विचच्या पुढे गेला का, असे एकेक टप्प्याने पाहिले जाते. आमचे पुण्याचे साडू संगणक क्षेत्रातले असूनही त्यांना ही पद्धत वेळखाऊ वाटते. त्यांच्याकडे औषधे दोनच: राउटर बदला, नाहीतर लॅपटॉप फॉरमॅट मारा.

मे महिन्यात वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरचा राउटर जळाला. केबलवाल्याच्या मुलाने दुसरा आणून बसवला, सगळे पूर्ववत सुरू झाले, फक्त नातीच्या डिप्लोमा प्रवेशाचा अर्ज ज्या संकेतस्थळावर भरायचा होता, तेवढे उघडेना. पांढरे पान, वर फिरणारे चक्र आणि बऱ्याच वेळाने वेळ संपल्याचा निरोप. साडूंनी फोनवरच निदान केले की दिलेला राउटर हलका आहे, चांगला घ्या, आणि केबलवाल्याच्या राउटरमधली सेटिंग्ज जशीच्या तशी उतरवून घ्या. राजारामपुरीतून नवा राउटर आणला, त्यांनी सांगितले तसे सर्व आकडे कागदावर लिहून त्यात भरले, आणि तेच पांढरे पान पुन्हा समोर आले. तेव्हा ते म्हणाले, आता फॉरमॅट मारा. अर्जाची मुदत तीन दिवसांवर आली होती. तो मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून भरला आणि मग मी शांतपणे माझ्या पद्धतीने बसलो.

संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता मिळत होता, म्हणजे तो शोधून देणारी सेवा, डीएनएस, ठीक होती. त्या पत्त्यावर पिंग केले, म्हणजे ‘आहात का’ असे विचारणारे माहितीचे छोटे पॅकेट पाठवले, तर उत्तरही व्यवस्थित येत होते. म्हणजे सप्लाय मीटरपर्यंत होता. छोटे पॅकेट जाते आणि पान येत नाही, तर मोठे पॅकेट कुठेतरी अडते काय, हा पुढचा प्रश्न. विंडोजमध्ये पिंगला पॅकेटचे तुकडे न करण्याची अट घालता येते आणि आकारही देता येतो. केबलवाल्याच्या गेटवेवर, म्हणजे त्याच्या बाजूच्या पहिल्या यंत्रावर, १४७२ बाइट आकार दिला तर उत्तर नाही. एकेक पायरी खाली येत १४६४ वर आलो आणि उत्तर आले. त्यात शीर्षाचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्ता वगैरे माहितीचे, २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. आमची जोडणी युजरनेम-पासवर्डची, म्हणजे पीपीपीओईची; तिचे स्वतःचे ८ बाइट जातात, म्हणून १५०० ऐवजी १४९२ एवढीच जागा उरते. राउटरच्या एमटीयूच्या, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराच्या, रकान्यात मात्र १५०० होते, आणि तोच आकडा मी कागदावरून नव्या राउटरमध्ये इमानाने उतरवला होता.

मग एकच संकेतस्थळ का अडावे? मोठे पॅकेट मधल्या अरुंद जागी पोहोचले की तिथले यंत्र पाठवणाऱ्याला ‘लहान करून पाठवा’ असा सूचनेचा निरोप (आयसीएमपी) देते. बहुतेक सर्व्हर तो ऐकतात. काहींच्या दारात पहारा देणारी फायरवॉल असे निरोप सरसकट टाकून देते, त्यामुळे सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो आणि आपण चक्र पाहत बसतो. रकान्यात १४९२ लिहून राउटर पुन्हा सुरू केला. पान लगेच उघडले. केबलवाल्याचा राउटर पुन्हा लावून त्यातही तोच आकडा बदलला, तर त्यावरही उघडले. साडूंना हे दोन्ही वेळचे फोटो पाठवले. त्यांनी फक्त अंगठा पाठवला.

तुमच्याकडेही हेच असेल असे नाही, हे आधीच सांगायला हवे होते. सर्व्हर सापडत नाही असा निरोप येत असेल तर दोष बहुधा डीएनएसमध्ये आहे, राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात १.१.१.१ किंवा ८.८.८.८ हा दुसऱ्या डीएनएसचा पत्ता घालून पाहा. आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, तात्पुरते बंद करूनही एकदा पाहावे, कारण कधीकधी तोच रस्ता अर्धवट असतो. युजरनेम-पासवर्ड न लागणाऱ्या जोडणीत १४९२ उगाच भरू नका. आणि तुमचा बाहेरचा पत्ता इतर ग्राहकांबरोबर सामायिक असून त्या संकेतस्थळाने तोच अडवला असेल, तर घरात काहीही बदलून उपयोग नाही. कंपनीकडून वेगळा पत्ता मागावा लागेल. यातल्या एकाही कारणात नवा राउटर विकत घ्यायचा प्रश्न येत नाही. माझा खोक्यासकट कपाटात आहे, आणि दिवाळीला साडू आले की तो त्यांच्यासमोर टेबलावर ठेवणार आहे.