बहिणीचं वजन आणि बहिणीची शुगर: बोलायचं कशाबद्दल?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: बहीण 27 वर्षांची, उंची 158 सेंटिमीटर, वजन 84 किलो. ऑफिसच्या तपासणीत उपाशीपोटीची शुगर 112 आणि एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी रक्ततपासणी) 6.1 आली. आई उठताबसता वजनावरून बोलते. बहीण म्हणते, "मला माझं शरीर आहे तसं आवडतं, विषय बंद." तिला दुखवायचं नाही आणि खोटा धीरही द्यायचा नाही, तर बोलायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

बहिणीचं म्हणणं आणि तिचा रिपोर्ट यांत मुळात भांडण नाही. तिला स्वतःचं शरीर आवडतं ही जमेची बाजू आहे. शरीराचा राग करणारी माणसं ते नीट सांभाळत नाहीत. आठवडाभर काकडी-सूपवर राहतात, मग रात्री डबे उघडतात. दवाखान्यात जायचंही टाळतात, कारण घसा दुखतोय म्हणून गेलं तरी आधी वजनावर ऐकून घ्यावं लागतं. तेव्हा आवडणं तसंच राहू द्या. बोलायचंय ते शुगरबद्दल, आणि बारीक माणसाला ही शुगर निघाली असती तर जसं बोलला असता तसंच.

आता आकडे. उपाशीपोटी 100 ते 125 आणि एचबीएवनसी 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. पण एका एचबीएवनसीवर विसंबू नका. आपल्याकडे बायकांत लोहाची कमतरता सर्रास असते आणि ती असली की हा आकडा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून सोबत हिमोग्राम (हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची तपासणी) करा आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी करतात ती तपासणीही. तिच्यात 140 ते 199 आलं तर मधुमेहाच्या आधीची पायरी नक्की. त्याच वेळी कोलेस्टेरॉल, यकृताची एसजीपीटी आणि थायरॉइडची टीएसएच उरकून घ्या. पाळी दीड-दोन महिन्यांनी येत असेल तर ते डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगायचं, कारण पीसीओएस (बीजकोशांचा, पाळी लांबवणारा संप्रेरकांचा बिघाड) आणि ही शुगर बऱ्याचदा हातात हात घालून येतात. थायरॉइड कमी पडत असल्याचं निघालंच, तरी सगळं वजन त्याच्या नावावर टाकता येत नाही. त्यामुळे वाढतं ते सहसा दोन-चार किलोच.

ब्लड प्रेशर मोजताना पट्टा बघा. दंड जाड आणि पट्टा नेहमीचाच असेल तर रीडिंग खोटं वाढतं, कधी 5 अंकांनी, तर खूप जाड दंडाला 15-20 नेही. मग नसलेल्या आजाराची गोळी सुरू होते. "मोठा कफ (पट्टा) आहे का?" असं सरळ विचारावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, अर्ध्या तासात चहा नाही.

आणखी एक, मानेकडे बघा. मानेच्या मागच्या बाजूला, काखेत कातडी काळी, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल तर तो मळ नाही. शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याची ती खूण असते. घरोघरी पोरींच्या माना बेसन-लिंबाने नाहीतर घासणीने सोलून काढतात, वर "नीट आंघोळ करत नाहीस" हेही ऐकवतात. घासून ते जात नाही, उलट आग होते आणि डाग गडद होतो. इन्सुलिनचा प्रश्न सुधारला की ते हळूहळू फिकट होतं.

आता वजनाकाट्याबद्दल. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. अशा फरकामुळे भारतीयांसाठी बीएमआयच्या सीमा खाली आणल्यात: 23 पासून जास्त वजन, 25 पासून लठ्ठपणा, आणि कंबर बायकांची 80, पुरुषांची 90 सेंटिमीटरपर्यंत. कंबर म्हणजे पँटची मापं नव्हेत. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप आडवी आणि न आवळता. ही टेप घरातल्या सडपातळ पण पोट सुटलेल्या पुरुषांनाही लावा. त्यांना कुणी काही बोलत नाही म्हणून त्यांची शुगर चांगली असते असं थोडंच आहे!

पण बीएमआय फसवा असतो या सबबीआडही लपू नका. तुमच्या बहिणीचा 33.6 आहे. या वजनाचा शुगरशी, यकृतातल्या चरबीशी, गुडघ्यांशी, घोरत झोपून सकाळी थकून उठण्याशी संबंध असतो, आणि नाही म्हणणं ही तिची फसवणूक आहे. त्यासाठी 55 किलोचं व्हायची मात्र गरज नाही. पाच ते सात टक्के, म्हणजे तिच्या बाबतीत चार ते सहा किलो, एवढ्यानेच शुगरवर फरक पडतो. तेही नाही झालं तरी मेहनत वाया जात नाही. चेन्नईच्या अभ्यासात (2006 साली प्रसिद्ध) बहिणीसारखेच काठावरचे 531 लोक होते. ज्यांनी चालणं-खाणं बदललं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी कमी राहिलं, आणि वजन जवळपास हललं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून महिन्याभरात सगळं सोडून देणाऱ्यांना हे ऐकवा.

करायचं काय? दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर 10 ते 15 मिनिटं चालणं. हे सकाळच्या एका तासाच्या संकल्पापेक्षा टिकतं, शिवाय जेवणानंतरची शुगर तिथल्या तिथे उतरते. वेग असा की बोलता येईल, गाता येणार नाही. आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम: खुर्चीवरून हात न टेकता 8-10 वेळा उठबस, भिंतीला हात लावून तेवढेच पुशअप, असे दोन फेरे. गुडघे कुरकुरले तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. चालणं बंद पडण्याचं एक कारण कुणी सांगत नाही, ते म्हणजे मांड्या घासून सोलवटणं. आतून गुडघ्यापर्यंतची सायकलिंग शॉर्ट घालायची किंवा निघण्याआधी व्हॅसलीन लावायचं. हे न सांगता नुसतं "आळशी आहेस" म्हणणं अन्यायाचं आहे.

खाण्यात उपासमार नको. तिला दिवसाला साधारण 60 ग्रॅम प्रथिनं मिळतायत का ते बघा, बहुतेक मिळत नसतील. एक वाटी घट्ट वरणात 6-7 ग्रॅम, एका अंड्यात 6, 100 ग्रॅम पनीरात 18 च्या आसपास. पोहे बंद करू नका, बशी अर्धी करून शेजारी मटकीची उसळ किंवा दोन अंडी द्या. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, हे 40 ग्रॅम झाले, तिथून सुरुवात सोपी. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र 'हलकी' म्हणून पोटभर खायची चीज नाही, तो नुसता स्टार्च आहे. आणि हा बदल सगळ्या घराचा हवा. एकीला वेगळं ताट वाढलं की ती शिक्षा होते.

बोलणं एकदाच, एकांतात, जेवणाच्या ताटावर नाही. आधी परवानगी: "तुझ्या रिपोर्टबद्दल पाच मिनिटं बोलू का? वजनाबद्दल नाही." नाही म्हणाली तर थांबा, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. हो म्हणाली तर: "शुगर काठावर आहे, आत्ता मागे फिरवता येते. दुसरी तपासणी करायला मी सोबत येते. रात्री जेवून आपण दोघी चालू." बस. "लग्न कसं होणार", "हा ड्रेस तुला शोभत नाही", "चेहरा किती गोड आहे, फक्त..." ही वाक्यं आईकडून बंद करून घ्यायचं काम तुमचं. आईला नुसतं गप्प बसवाल तर ती दोन दिवस बसेल. तिच्याकडे मटकीला मोड आणायचं खातं द्या.

वजन उतरलं तरी "किती बारीक झालीस!" म्हणून टाळ्या नकोत. प्रयत्न न करता सहा महिन्यांत पाच टक्के उतरलं तर त्यामागे टीबी, जास्त काम करणारा थायरॉइड किंवा वाढलेली शुगर असू शकते, तिथे तपासणी लागते. जेवण चुकवणं, लपून खाणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, पाळी बंद होणं, यातलं काही दिसलं तर किलोंचा विषय पूर्ण थांबवून आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा.

घरी काटा असलाच तर आठवड्यातून एकदा, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर. मीठ, पाळी, बद्धकोष्ठ यांनी एक-दोन किलो इकडेतिकडे होतंच, ती चरबी नव्हे. एचबीएवनसी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगतं, तेव्हा पुढची तपासणी तीन महिन्यांनी, त्याआधी करून उपयोग नाही. तेव्हाही 6.1 च्या पुढे गेलेलं असेल तर मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. शेजारच्या काकूंच्या गोळ्या आणून सुरू करू नका. 6.5 किंवा वर आलं तर पुन्हा एकदा तपासून खात्री करायची आणि मग उपचार मधुमेहाचे.