सातवीतल्या मुलाला निवासी शिबिराला पाठवावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा जूनमध्ये सातवीत जाईल, घरात स्वतःचं ताटसुद्धा उचलत नाही, बोललं की शब्दाला शब्द वाढवतो. मे महिन्यातल्या एका सात दिवसांच्या शिबिराची जाहिरात तुम्ही पाहिलीत, त्यात ‘चारित्र्य घडवतो’ असं ठळक छापलंय. सासरे म्हणतात लष्करी शिस्तीचंच शिबिर घ्या, मिस्टर म्हणतात पैसे पाण्यात जातील, आणि तुम्हाला काळजी की रात्री रडला तर काय.

बरीच वर्षं उन्हाळ्यात मी अशा शिबिरांना ‘दादा’ म्हणून जातो (हल्ली पोरं ‘काका’ म्हणायला लागलीत, चालायचंच). माझं मत, पाठवा. पण सात दिवसांत चारित्र्य वगैरे काही घडत नाही. फार तर एवढं होतं की, आपण नीट वागलो नाही तर ते कुणाला तरी भोवतं, हे मुलाला पहिल्यांदा दिसतं. घरी दिसत नाही, कारण घरी त्याचं सगळं आपण निस्तरतो. आणि मुलगा असला तर जास्तच. मुलीला आठव्या वर्षी ‘पानं घे गं’ म्हणून हाक मारतात, मुलाला आजीच म्हणते, राहू दे, मी उचलते.

म्हणून शिबिर निवडताना माहितीपत्रकातली भाषणांची यादी वाचू नका. आयोजकांना फोन करून विचारा, जेवण वाढतं कोण, ताटं धुतं कोण, पाणी भरतं कोण, संडास कोण साफ करतं. ‘सगळ्याला माणसं आहेत, मुलांना काही करावं लागत नाही’ असं कौतुकानं सांगितलं तर ती सहल आहे. सहलीलाही पाठवा, पण तिच्याकडून काही घडवून घ्यायची अपेक्षा ठेवू नका.

पंगतीचंच सांगतो. आमच्याकडे रोज एक गट वाढपी असतो आणि वाढपी सगळ्यात शेवटी जेवतात. दरवर्षी कुणीतरी एक बहाद्दर शिऱ्याचं पातेलं हातात आलं की आपल्या गटातल्या मित्रांना दोन-दोन डाव वाढत सुटतो. तिसऱ्या ओळीपर्यंत पातेलं खरवडायची वेळ येते. समोर धाकटी पोरं ताट पुढे करून बसलेली, आणि याच्या डावात नुसती खरवड. आम्ही दादालोक अशा वेळी तोंडातून अवाक्षर काढत नाही. पळत जाऊन आतून आणखी शिरा आणत नाही, कारण आत नसतोच. तो इकडे तिकडे बघतो, मग खाली मान घालून मित्रांच्या पानांतून परत मागून आणतो. ते देतात, कुरकुरत का होईना. दुसऱ्या दिवशी त्याला वाढायला उभं करा, तो आधी ओळी मोजतो. ‘समता आणि सामाजिक भान’ या विषयावर तासभर व्याख्यान ठेवलं असतं तर हाच मुलगा मागे बसून चिमटे काढत राहिला असता.

यात नवीन काहीच नाही. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात मुलांच्या खोल्या स्वतः झाडत, पसारा आवरत, कंदिलाच्या काचा पुसून ठेवत. मुलांना आपोआप लाज वाटून ती स्वतः कामाला लागली, हे आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलंय. मात्र त्यासाठी गुरुजी लागतात. आमच्यासारख्यांना पंगतीचा आधार घ्यावा लागतो.

दुसरं विचारा, स्पर्धा किती आहेत? रोज गुणफलक, रोज ‘सर्वोत्तम गट’, शेवटी ढाल, असं असेल तर जरा थबका. १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे मुझफर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञानं २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं साधारण तुमच्या मुलाच्याच वयाची, चांगल्या घरांतली, एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले, त्यांनी स्वतःला ‘ईगल्स’ आणि ‘रॅटलर्स’ अशी नावं घेतली. सुरुवातीला एका गटाला दुसऱ्याचा पत्ताही नव्हता. मग बेसबॉल, रस्सीखेच असे सामने लावले, जिंकणाऱ्यांना पदकं आणि खिशातले चाकू. झालं! झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. समेट व्हावा म्हणून एकत्र जेवायला बसवलं, तर अन्नाची फेकाफेक केली. पोरं वाईट नव्हती, मांडणीच तशी होती.

पुढचा भाग मला जास्त कामाचा वाटतो. शेरीफच्या माणसांनी मुद्दाम अडचणी आणल्या. पिण्याचं पाणी बंद पडलं, बिघाड कुठे आहे ते शोधायला दोन्ही गटांना जावं लागलं. एकदा ट्रक चालू होईना, तेव्हा मुलांनी रस्सीखेचीचाच दोर बांधून सगळ्यांनी मिळून तो ओढला. परतताना एकाच बसमधून जायचं मुलांनी ठरवलं, आणि वाटेत रॅटलर्सनी बक्षिसाचे पाच डॉलर सगळ्यांना माल्टेड मिल्क पाजण्यात उडवले. आदल्या वर्षी न्यूयॉर्क राज्यात हाच खेळ शेरीफच्या अंगाशी आला होता, तिथे मुलं आधी मित्र झाली आणि नंतर भांडायलाच तयार होईनात. आपल्यावर प्रयोग चाललाय हे त्या मुलांना सांगितलं नव्हतं, ते मला आजही खटकतं. पण शिबिर घेणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा. आपल्याला तर अडचणी मुद्दाम आणाव्याही लागत नाहीत. मे महिन्यात सह्याद्रीच्या पायथ्याला टँकर उशिरा येतोच. विहिरीपासून स्वयंपाकघरापर्यंत साखळी करून बादल्या पोहोचवताना कोण कुठल्या गटाचा हे कुणी विचारत नाही.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, पण लष्करी शिस्तीच्या जाहिरातींबद्दल मी साशंक आहे. उन्हात पळवणं, उठाबशा, सगळ्यांसमोर पाणउतारा, याला शिस्त म्हणत असतील तर त्यातून मुलगा एवढंच शिकतो की शिट्टीवाल्याची पाठ वळली की मोकळं. स्काउट चळवळ सुरू करणारा बेडन-पॉवेल तर खराखुरा लष्करी अधिकारी. त्यानं १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा बड्या निवासी शाळांतली आणि कष्टकरी घरांतली अशी मिळून वीसेक मुलं होती. त्यांचे चार संघ पाडले आणि प्रत्येक संघाची जबाबदारी त्यांच्यातल्याच एका मुलावर टाकली. स्काउटमधला संघनायक आला तो तिथून. तेव्हा तुमच्या आयोजकांना विचारा, गटप्रमुख मुलगा असतो का, आणि तो दर दोन-तीन दिवसांनी बदलतो का. बदललाच पाहिजे, नाहीतर एकच चुणचुणीत पोर आठवडाभर हुकूम सोडत राहतं.

रडण्याचं म्हणाल तर रडेल. पहिली रात्र नवलाईत जाते, दुसऱ्या रात्री अंधार पडला की घर आठवतं. यावर भरपूर दमवणं आणि शेजारी ओळखीचं झालेलं पोर असणं, एवढाच उतारा मला माहीत आहे. ‘मुलगा असून रडतोस?’ असं म्हणणारा दादा ज्या शिबिरात असेल तिथे पाठवू नका. त्या वेळी फोन जोडून देऊ नका असंही मी सांगेन, आईचा आवाज ऐकला की बांध फुटतो. रोज संध्याकाळी आयोजकांनी पालकांना एक निरोप पाठवावा, तेवढं पुरे. मुलगा अजून कधीमधी अंथरूण ओलं करत असेल तर आधीच सांगून ठेवा, लाजू नका. आम्ही पहाटे सगळ्यांच्या आधी उठवून गुपचूप चादर बदलतो. न सांगितल्यामुळे मात्र पोरं चिडवायला लागतात, आणि मग त्या मुलाचं शिबिर तिथेच संपतं.

आता सुरक्षेचं. इथे भिडस्तपणा नको. दोरावरचे खेळ, तरंगते तराफे, कडे उतरणं असं काही असेल तर नोंदणी विचारा. राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय, त्यानुसार आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. जवळचं रुग्णालय किती अंतरावर आहे आणि रात्री गाडी जागेवर असते का, हेही विचारा. झोपण्याच्या खोलीत एकटा मोठा माणूस मुलांबरोबर असतो की दोघं, हा प्रश्न बहुतेक पालक मुलीसाठी विचारतात, मुलासाठी विसरतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, आपणही करू नये. मुलाला जाण्याआधी साध्या शब्दांत सांगा की कुणीही, अगदी लाडका दादासुद्धा, नको तिथे हात लावत असेल तर ओरडायचं आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगायचं. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा (चाइल्डलाइनचा) नंबरही पाठ करून घ्या.

परत आल्यावर पहिल्या दिवशी तो स्वतःहून ताट उचलेल. त्याचा व्हिडिओ काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका, काही झालंच नाही असं दाखवा. आजीला आधीच विश्वासात घ्या, नाहीतर चौथ्या दिवशी ताट पुन्हा टेबलावरच. आणि मिस्टरांनाही आपलं ताट उचलायला सांगा. पोरगं आधी बाबाकडे बघणार.

वळकटी त्याची त्यालाच बांधू द्या, फक्त कपड्यांवर आतून नाव घाला. दरवर्षी शेवटच्या दिवशी आमच्याकडे बेवारस बनियन आणि टॉवेलांचा ढीग उरतो, आणि कुणीही आपला म्हणत नाही.