शिक्का फळीवर, पुरावा बिलात

प्रश्न : आमच्याकडे एका वाचनालयाच्या इमारतीचं काम आहे. मालकांना हरित इमारतीचं मानांकन हवं आहे आणि गच्चीवर इपे या मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या कठीण लाकडाचा डेक, म्हणजे उघड्यावरची फळ्यांची जमीन. 'आमचं सगळं लाकूड एफएससीचं आहे', म्हणजे जपून राखलेल्या जंगलांना प्रमाणपत्र देणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतलं आहे, असं पुरवठादार सांगतो. प्रमाणपत्राची रंगीत प्रतही त्याने पाठवली आहे. तेवढ्यावर ऑर्डर द्यावी का?
– एक वास्तुविशारद

उत्तर : अजून देऊ नका. पुरवठादार खोटं बोलतोय असं मी म्हणत नाही. त्याने पाठवलेला कागद त्याच्या कंपनीबद्दल आहे, तुमच्या फळ्यांबद्दल नाही. प्रमाणित माल विकायला ही कंपनी पात्र आहे, एवढंच तो सांगतो. त्याच गोदामात प्रमाणपत्र नसलेलं लाकूडही असतं, आणि त्यात बेकायदा काही नाही. तुमच्या गच्चीवर त्यातलं कोणतं आलं, हे फक्त बिल सांगतं. त्यात त्या मालाच्या ओळीसमोर 'एफएससी १००%' (सगळं प्रमाणित जंगलातलं) किंवा 'एफएससी मिक्स' (प्रमाणित लाकडात इतर मान्य लाकूड मिसळलेलं) असा दावा लिहिलेला असायला हवा आणि सोबत कंपनीचा प्रमाणपत्र क्रमांक.

हे मी शहाणपणाने शिकले नाही, आपटून शिकले. माझ्या सुरुवातीच्या एका कामात फळ्यांचे गठ्ठे आले, त्यांच्या प्लॅस्टिकवर झाड आणि बरोबरची खूण असलेलं ते ओळखीचं चिन्ह होतं. मी फोटो काढले, फाइलला लावले आणि खुशीत घरी गेले. डेक ठोकून झाला. आठ महिन्यांनी मानांकनाच्या तपासनिसाने बिल मागितलं. बिलावर होतं, 'हार्डवुड डेकिंग, २५ मिमी'. पुढे एक अक्षर नाही. पुरवठादार म्हणाला, नवं बिल करून देतो. पण ते त्याला जमेना, कारण त्याने स्वतः तो माल मधल्या एका व्यापाऱ्याकडून घेतला होता आणि त्या व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्रच नव्हतं. लाकूड कदाचित चांगल्या जंगलातलंच असेल. पण जंगलापासून पुरवठादारापर्यंत ज्याच्या ज्याच्या मालकीचं ते होतं त्या प्रत्येकाकडे प्रमाणपत्र हवं; एक कडी तुटली की पुढचा दावा संपला. गुण गेले ते गेलेच, वर मालकांपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं.

म्हणून आता मी बिलावरचा मजकूर खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून टाकते : दावा कोणता, क्रमांक कुठे, आणि बिलात तो नसेल तर माल परत. शिवाय एफएससीच्या सार्वजनिक यादीत क्रमांक टाकून दोन गोष्टी पाहते. एक, प्रमाणपत्र आज चालू आहे का. ते ५ वर्षांसाठी मिळतं, दरवर्षी तपासणी होते, आणि मध्येच स्थगितही होऊ शकतं. दुसरी गोष्ट बहुतेक जण पाहतच नाहीत : प्रमाणपत्राच्या व्याप्तीत तुमचं लाकूड बसतं का. यादीत पाइनचं प्लायवुड आणि तुमच्या हातात इपेची फळी, असंही घडतं. 'कंट्रोल्ड वुड', म्हणजे बेकायदा तोडीसारख्या स्रोतांतलं नाही एवढंच तपासलेलं लाकूड, या शब्दांनी फसू नका. ते मिक्स मालात मिसळायला चालतं. त्याला प्रमाणित लाकूड म्हणत नाहीत.

आता इपेबद्दल. मोह मला कळतो. घनमीटरला १,००० किलोच्या वर वजन, पाण्यात टाकलं तर तळाला जातं, आणि औषध न लावता उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतं. पण हे झाड जंगलात विरळ असतं आणि सावकाश वाढतं. थोड्याशा खोडांसाठी खूप जंगल पालथं घातलं जातं. ब्राझीलमध्ये तर तोडणीच्या आराखड्यात इपेची झाडं कागदावर फुगवून दाखवायची आणि त्या वाढीव आकड्यांच्या आड भलतीकडचं लाकूड खपवायचं, असे प्रकार उघड झाले आहेत. साइट्स म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. २०२२ मध्ये पनामात भरलेल्या त्याच्या परिषदेने इपे आणि कुमारू (डेकसाठीचंच आणखी एक कठीण लाकूड) या दोन्हींना परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे परवान्यानेच व्यापार करता येणाऱ्या जातींच्या यादीत, घातलं, आणि २५ नोव्हेंबर २०२४ पासून ते लागू झालं. म्हणजे मूळ देशाचा निर्यात परवाना हवाच. पण परवाना आणि एफएससी हे दोन वेगळे कागद आहेत, एकाने दुसऱ्याचं काम भागत नाही. नावांचाही घोळ असतो. बाजारात इपे 'ब्राझिलियन वॉलनट' होतो आणि कुमारू 'ब्राझिलियन टीक', आणि दोघांचाही अक्रोडाशी किंवा सागाशी काही संबंध नाही. शास्त्रीय नाव लिहून मागा : इपे म्हणजे हँड्रोअँथस, कुमारू म्हणजे डिप्टेरिक्स.

माझं ऐकाल तर इपेचा हट्ट सोडा. नकाशावर एकच नाव लिहिण्याऐवजी अपेक्षा लिहा : गाभ्याचं लाकूड, युरोपीय मानक ईएन ३५० प्रमाणे टिकाऊपणाचा वर्ग १ (सर्वांत टिकाऊ) किंवा २, प्रमाणित जंगलातलं. मग पुरवठादाराला विचारा, या वर्षी प्रमाणित काय मिळतं? गारापा, मासारांडुबा, आंजेलिम व्हर्मेल्यू अशी नावं पुढे येतील. मासारांडुबा आकसतो-फुगतो फार, तेव्हा फळ्या अरुंद घ्या आणि फटी विचारपूर्वक ठेवा. गारापा पिवळसर, दिसायला गोड. जपून तोडणी करणाऱ्या जंगलाकडून सगळ्यांनी फक्त इपेच मागितला, तर बाकीच्या झाडांना भाव येणार कुठून? सगळा भार पुन्हा त्याच विरळ झाडावर.

आणि मालकांना एकदा हेही विचारा, उष्णकटिबंधातलंच लाकूड हवंय का? उष्णतेने प्रक्रिया केलेलं किंवा ॲसिटिलेशन (कुजू नये म्हणून रासायनिक प्रक्रिया) केलेलं पाइन आता डेकसाठी सर्रास वापरतात. मला स्वतःला त्याचा पायाखालचा आवाज जरा पोकळ वाटतो, पण ही माझी खोड.

प्रश्न : दोन वर्षांत आमचा डेक राखाडी पडला. लाकूड हलकं दिलं का?
– एक गृहिणी

उत्तर : नाही. उन्हाने वरच्या थरातलं लिग्निन, म्हणजे तंतू धरून ठेवणारा घटक, तुटतं, पाऊस ते धुऊन नेतो आणि राखाडी रंग उरतो. ते कुजणं नव्हे. तपकिरी रंग हवा असेल तर रंगद्रव्य असलेलं तेल नियमित लावत राहावं लागेल. मी तर तसाच राहू देते. जोराच्या पाण्याचा फवारा मात्र मारू नका, तंतू उचकटतात.

प्रश्न : स्क्रूभोवती काळे डाग पडलेत.
– एक सुतार

उत्तर : लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) लोखंडाशी लागलं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या, समुद्राजवळ ३१६ दर्जाचे, आणि आधी भोकं पाडून मगच पिळा, नाहीतर इतक्या कठीण लाकडात मान तुटते. स्क्रू स्टेनलेसचे असूनही डाग असतील तर शेजारी कुणी ग्राइंडरने लोखंड कापलं होतं का, ते आठवा. तो कीस फळीवर पडला आणि पाऊस आला, की असेच ठिपके उमटतात. ऑक्झॅलिक आम्लाच्या पातळ द्रावणाने ते निघतात; हातमोजे घाला आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा.